ओटीपी डोक्यात राहत नाही, म्हणून फोन ठेवून द्यावा का?

पत्र (संक्षिप्त): वय ७३. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात ३३ वर्षे नोकरी केली. खतावणी आणि ताळमेळ यांत माझी कधी पैशाची चूक निघाली नाही. निवृत्तीनंतर मुलाने मोबाइल घेऊन दिला आणि गेली सहा-सात वर्षे विजेचे बिल, गॅसची नोंदणी, रेल्वेचे आरक्षण, हयातीचा दाखला हे सारे मीच करत आलो. वर्षभरापासून मात्र आलेला ओटीपी बँकेच्या ॲपमध्ये भरेपर्यंत आकडे डोक्यातून निसटतात. ॲपचे रूप बदलल्यापासून खात्यातील नोंदी कुठे पाहायच्या तेच सापडत नाही. मे महिन्यात विजेचे बिल दोनदा भरले गेले. सून म्हणते की एकच आरोग्यविषयक संदेश मी तिला तीनदा पाठवला. गेल्या महिन्यात 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत' असे सांगणाऱ्या तोतया पोलिसासमोर मी व्हिडिओ कॉलवर चाळीस मिनिटे बसून होतो. पत्नीने येऊन फोन बंद केला म्हणून वाचलो. आता मुलगा म्हणतो, 'बाबा, राहू द्या, मी करत जाईन.' त्याचे काही चुकत नाही, पण मला रात्रीची झोप लागत नाही. हा स्मृतिभ्रंश तर नव्हे? मेंदूचा एमआरआय काढून घ्यावा का? की फोन सरळ ठेवूनच द्यावा?
– एक वाचक, सातारा

आदरणीय महोदय,

सादर नमस्कार. आपल्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: फोन ठेवून देऊ नका. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे इतकी सरळ नाहीत, आणि आपण हिशेबाचे माणूस असल्यामुळे ती रकानेवार मांडलेलीच आपल्याला पटतील, असे वाटते.

ओटीपीपासून सुरुवात करू. आपण वर्णन केलेला प्रसंग मी माझ्या मनासमोर पुन्हा उभा केला. रक्कम भरली, संदेश आला, तो पडद्याच्या वरच्या कडेला दोन क्षण डोकावून नाहीसा झाला. आपण ॲप सोडून संदेशांत गेलात, सहा आकडे वाचलेत, ते पुटपुटत परत ॲपमध्ये आलात, तोवर ॲपने 'सत्र संपले आहे' असे सांगून पहिल्या पानावर आणून सोडले. पुन्हा पासवर्ड, पुन्हा रक्कम, पुन्हा नवा ओटीपी, आणि तोवर आधीचे आकडे डोक्यात घोळत असल्यामुळे जुन्या-नव्याची सरमिसळ. लांबलचक बेरीज करताना आपण जसा हातचा धरता, तसाच हा ओटीपीही एक हातचा आहे. तो कायमचा लक्षात ठेवायचा नसतो, फक्त पुढच्या रकान्यात पोहोचेपर्यंत धरून ठेवायचा असतो. मानसशास्त्रात या हातच्याच्या जागेला कार्यरत स्मृती म्हणतात आणि ती तरुणपणीही फार ऐसपैस नसते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सुमारे सात घटकांची सांगितली होती. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास आणली. म्हणजे सहा सुटे आकडे आपल्या नातवासाठीसुद्धा काठावरचेच आहेत. त्याला ते जमतात, कारण तो चार सेकंदांत पलीकडे पोहोचतो.

वय वाढते तसा पहिला फरक पडतो तो या वेगात. टिमथी सॉल्टहाउस यांनी १९९६ मध्ये मांडलेला विचार मला आजही सर्वांत उपयोगी वाटतो: मेंदूचे प्रत्येक काम थोडे सावकाश होऊ लागले की पहिल्या पायरीवर मिळालेले उत्तर शेवटच्या पायरीपर्यंत टिकत नाही, आणि जे खरे तर उशिरामुळे घडले ते आपल्याला विसराळूपणामुळे घडल्यासारखे वाटते. आपल्या बाबतीत ॲपच्या घड्याळाने त्यात भर घातली. जे ॲप ग्राहकाला दोन मिनिटांत बाहेर काढते, त्याच्या रचनाकाराने सत्तरीतला ग्राहक डोळ्यांसमोर ठेवला नव्हता, एवढेच मी म्हणेन.

यावर आपल्याला साजेसा एक उपाय आहे. ४८१३७६ हे 'चार, आठ, एक, तीन, सात, सहा' असे वाचू नका. 'अठ्ठेचाळीस, तेरा, शहात्तर' असे वाचा. सहा हातच्यांचे तीन होतात. पाढे तोंडपाठ असलेल्या आपल्या पिढीला अठ्ठेचाळीस म्हटले की तो एकच आकडा वाटतो, आणि हा लाभ नव्या पिढीतल्या अनेकांना नाही. शिवाय संदेश नाहीसा होण्याआधी कागदावर उतरवून घेण्यात कमीपणा कसला? ओटीपी एकदाच चालतो, त्यामुळे काम झाल्यावर तो कागद फाडून टाकला की झाले. फोनच्या सुलभतेच्या मांडणीत, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीत, सूचना पडद्यावर किती वेळ दिसावी हे वाढवण्याची सोयही बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये असते. ती मुलाकडून एकदा करून घ्या. त्याने ॲपचे सत्र लांबत नाही, पण फोनच्या आणि काही ॲपच्या सूचना थोड्या थांबतात.

आता दुसरा रकाना. मानवी बुद्धी एकजिनसी नसून तिचे दोन भाग पडतात, असे रेमंड कॅटेल यांनी १९४३ मध्ये सुचवले. एक भाग नवा प्रश्न नव्याने सोडवण्याचा, तो तरल. दुसरा आयुष्यभर साठत गेलेल्या ज्ञानाचा, त्याला मी मुरलेली बुद्धी म्हणते. वॉर्नर शाई यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे सुरू केलेला आणि पुढे अनेक दशके चाललेला अभ्यास हेच दाखवतो की पाहून ओळखण्याचा वेग लवकर उतरू लागतो, तर शब्दज्ञान साठीपर्यंत आणि पुष्कळांत त्याही पुढे टिकून राहते. आपल्या तक्रारी या मोजपट्टीवर ठेवून पाहा. ॲपचे रूप बदलल्यावर नोंदी सापडेनाशा झाल्या, पण नोंद म्हणजे काय, जमा कोणती आणि नावे कोणती, यात आपला एकदाही गोंधळ झालेला नाही. जे मुरले होते ते जागेवर आहे. जे गेले ते बोटांना झालेल्या सवयीचे होते. तीन वर्षे डाव्या कोपऱ्यात असलेले बटण एका रात्रीत तीन आडव्या रेघांच्या आत गेले, तर ती सवय निरुपयोगी होणारच. (माझ्याही फोनमध्ये असे झाले, तेव्हा मी तेवीस वर्षांच्या भाचीला विचारून मोकळी झाले आणि त्याबद्दल मला स्मृतिभ्रंशाची भीती वाटली नाही. माणूस चाळिशीत विसरला तर ॲप वाईट ठरते आणि सत्तरीत विसरला तर डोके, हा न्याय मला मान्य नाही.)

त्या नव्या रूपात आणखी एक अडचण आहे आणि ती बहुधा आपल्या लक्षात आली नसेल. खात्याच्या पानावर आता कर्जाची जाहिरात, सोन्याची योजना, विम्याची आठवण असे सारे हलत-चमकत असते. लिन हॅशर आणि रोझ झॅक्स यांनी १९८८ मध्ये असे मांडले की वाढत्या वयात हवे ते पकडण्यापेक्षा नको ते बाजूला सारणे अधिक जड जाते. नको असलेले आत येते आणि हातच्याची तुटपुंजी जागा अडवून बसते. म्हणून खरेदीच्या आणि बातम्यांच्या ॲपच्या सूचना बंद करून टाका, पहिल्या पडद्यावर पाच-सहाच चिन्हे ठेवा आणि त्यांच्या जागा पुन्हा बदलू देऊ नका. अक्षर मोठे करा. बोट ठेवून धरण्याचा कालावधी वाढवा, कारण वयाबरोबर बोट किंचित जास्त वेळ टेकते आणि फोन त्याचा वेगळाच अर्थ लावतो. ॲप अद्ययावत करणे मात्र थांबवू नका. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात.

सुनेला तीनदा गेलेल्या संदेशाबद्दल थोडक्यात. आपण काय वाचले हे लक्षात राहणे वेगळे आणि ते कोणाला सांगितले हे लक्षात राहणे वेगळे. टोरोंटो येथील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की ही दुसरी आठवण ज्येष्ठांमध्ये विशेष कमजोर असते. लग्नाच्या गोष्टी त्याच माणसाला पुन्हा सांगणाऱ्या आपल्या आजोबांची आठवण काढा. त्यांच्याकडे व्हॉट्सॲप नव्हते, एवढाच फरक. पण तो संदेश खरा होता का, हे तपासायला हवे. पुन्हा पुन्हा समोर आलेली गोष्ट ओळखीची वाटते आणि ओळखीची गोष्ट खरी वाटते, हे सर्वच वयांत घडते. तरी ती मुळात कोणी सांगितली होती हे विसरले गेले, तर 'हे खोटे आहे' असा शेराही त्याबरोबर पुसला जातो. अमेरिकेतील २०१६ च्या निवडणुकीच्या काळातील फेसबुक-वापराच्या अभ्यासात, ६५ वर्षांवरील लोकांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट खोट्या बातम्यांचे दुवे पुढे पाठवल्याचे आढळले होते. त्याचा सारा दोष स्मृतीवर टाकता येत नाही, कारण या माध्यमाची ओळख उशिरा होणे आणि ज्यांच्याकडून संदेश येतात ती माणसे आपली वाटणे, हीही कारणे त्यात आहेत. औषध-उपचाराचा संदेश पुढे पाठवण्याआधी एक रात्र थांबावे, एवढे पुरे.

विजेच्या बिलाबद्दल आपण स्वतःला फार दोष दिला आहे. पैसे पाठवल्यावर पडद्यावर चक्र फिरत राहिले, आपण मागे आलात, पावती दिसली नाही म्हणून पुन्हा भरले. हे स्मृतीचे काम नाही, अर्धवट कळवणाऱ्या यंत्राचे आहे. यापुढे पडद्यावर विश्वास न ठेवता खात्यातील नोंदीवर ठेवा: चक्र फिरत राहिले तर थांबा, बँकेचा संदेश किंवा खात्यातील वजावट पाहा, आणि व्यवहाराचा क्रमांक वहीत उतरवून मगच पुढचा निर्णय घ्या. रोकडवहीची शिस्त आपल्याला मी काय शिकवणार?

तोतया पोलिसाचा प्रसंग मात्र गंभीर आहे आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिते. आपण 'मी इतका कसा मूर्ख' असे लिहिले आहे. त्या चाळीस मिनिटांत आपल्यावर काय चालले होते ते पाहा. गणवेशातला माणूस, मागे ठाण्यासारखी भिंत, आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे त्याच्या तोंडी, 'कोणाशी बोलू नका, कॅमेरा बंद करू नका' हा दम, आणि दर मिनिटाला नवा प्रश्न. हा सारा खटाटोप समोरच्याला विचार करायला फट मिळू नये यासाठीच असतो. हातच्याची जागा भीतीने भरली की शिल्लक काही राहत नाही, आणि ज्याचा वेग आधीच कमी झाला आहे तो या खेळात लवकर अडकतो. तरुण, उच्चशिक्षित माणसेही यात लाखो रुपये गमावून बसली आहेत. आपल्याकडील कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्टच नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाही, की तपासासाठी पैसे भरायला सांगत नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात 'थांबा, विचार करा, मग कृती करा' असे यासाठीच सांगितले होते.

पण ऐन वेळी विचार करा, असे सांगणे मला अपुरे वाटते, कारण ऐन वेळी विचार करण्याची शक्तीच तर हिरावलेली असते. म्हणून निर्णय आधीच घेऊन ठेवायचा. एक वाक्य ठरवा, 'मी उद्या सकाळी ठाण्यात समक्ष येतो', ते मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या चार्जरजवळ चिकटवा, आणि अशा कोणत्याही फोनवर तेवढेच वाचून फोन बंद करा. समोरच्याशी वाद घालायचा नाही, खरेखोटे ठरवायचे नाही. पाच हजारांवरची कोणतीही नवी देणी पत्नीला सांगितल्याशिवाय द्यायची नाहीत, हा घरचा नियम करा. कधी पैसे गेलेच तर लाजेत वेळ घालवू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. आपल्याशी असा प्रकार घडलेला असल्यामुळे, पैसे गेले नसले तरी तोतया पोलिसाच्या क्रमांकाविरुद्ध तक्रार नोंदवून ठेवावी, असे मी सुचवेन.

यातच बँकेची रचना बदलून घेणे येते. निवृत्तिवेतन आणि ठेवी ज्या खात्याशी जोडल्या आहेत ते खाते फोनवर ठेवूच नका. दुसरे लहान खाते उघडा, त्यात महिन्याला आठ-दहा हजार वळते करा आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. मग चूक झाली तरी ती त्या खात्यापुरतीच राहते. मोठ्या व्यवहारांसाठी शाखेत जाणे जड वाटले, तर ७० वर्षांवरील ग्राहकांना मूलभूत सेवा घरपोच देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलेले आहे. आपल्या शाखेत तशी विचारणा करा.

आता स्मृतिभ्रंशाची भीती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ज्यात भाग घेतला त्या देशव्यापी सर्वेक्षणाच्या आधारे, भारतातील साठीपुढील लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे शंभरांतील नव्वदांहून अधिक ज्येष्ठांना तो नसतो, आणि तरीही त्यांतील बहुतेकांना ओटीपी निसटण्याचा अनुभव येत असणार. पण मी आपल्याला नुसता दिलासा देऊन सोडणार नाही. पैशाचे व्यवहार ही मेंदूची अवघड कसरत असल्यामुळे खरा आजार असेल, तर तो तिथे लवकर डोकावतो. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात निदानाच्या सहा वर्षे आधीपासून देणी चुकू लागल्याचे दिसले होते. तेव्हा पाहायचे ते हे, की नवे शिकायला वेळ लागतो आहे की मुरलेले उसवते आहे. बदललेल्या ॲपमध्ये बटण न सापडणे पहिल्या प्रकारात येते. विजेचे बिल दर महिन्याला येते हेच आठवेनासे होणे, तासाभरात तोच प्रश्न पुन्हा विचारणे आणि विचारल्याचे भान नसणे, नेहमीच्या गल्लीत वाट चुकणे, साधी वजाबाकी अडणे, हे दुसऱ्या प्रकारात. आणखी एक खूण अशी, की आजारात बहुधा घरच्यांना काळजी वाटते आणि त्या माणसाला वाटत नाही. आपले पत्र तारीखवार, रकमांसह आणि काळजीने लिहिलेले आहे. हे निदान नव्हे, परंतु नोंद घेण्याजोगे आहे.

तरीही तपासणी करून घ्या, मात्र एमआरआयपासून सुरुवात नको. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासा. शाकाहारी असाल तर ब-१२ नक्कीच. झोपेच्या, ॲलर्जीच्या किंवा लघवीच्या तक्रारीच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांची नावे त्यांना दाखवा, कारण त्यांतील काही थेट स्मृतीवर परिणाम करतात. मोतीबिंदू आणि कानही पाहून घ्या. जे नीट दिसले वा ऐकू आले नाही, ते लक्षात राहणार कुठून? तो फोन आल्यापासून आपली झोप उडाली आहे आणि झोप नसली की हातचा पहिल्याने निसटतो, हेही सांगा. त्यानंतर कागद-पेन्सिलीची स्मृतिचाचणी होते. त्यात घड्याळ काढायला लावतात, शब्द लक्षात ठेवायला सांगतात. ती आत्ता केली, तर आणखी दीड-दोन वर्षांनी तुलना करायला आधार मिळतो. एमआरआय लागेल की नाही, ते त्यानंतर डॉक्टर ठरवतील.

फोन का सोडू नये, याचेही कारण सांगायला हवे. २०२५ मध्ये ५७ अभ्यासांतील चार लाखांहून अधिक प्रौढांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा संगणक, फोन व इंटरनेट वापरणाऱ्यांमध्ये बौद्धिक ऱ्हासाचा धोका कमी आढळला. ज्यांचा मेंदू धड आहे तेच फोन वापरत राहतात, असेही असू शकते. त्यामुळे मी यावर फार भार देत नाही. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो डेनिस पार्क यांचा २०१४ मधील प्रयोग. त्यात ६० वर्षांवरील लोकांना तीन महिने डिजिटल छायाचित्रण किंवा गोधड्यांसारखे शिवणकाम असे अवघड काम शिकवले, आणि नुसत्या गप्पागोष्टींच्या गटापेक्षा त्यांची स्मृती सुधारली. शिकताना दमछाक होणे हाच त्यातला उपयोगी भाग होता.

पुढचा परिच्छेद कृपया चिरंजीवांना आणि नातवाला वाचायला द्यावा. वडिलांचे काम स्वतःकडे घेण्यात आपली माया आहे, हे मला दिसते. पण जे काम हातातून जाते ते सहा महिन्यांत डोक्यातूनही जाते. शिकवताना सर्वांत मोठी चूक एकच होते: आजोबांच्या हातातून फोन घेतला जातो, अंगठा चार ठिकाणी पडतो, 'हे बघा, झालं' म्हणून फोन परत येतो. आजोबांना दिसतो तो फक्त अंगठा. फोन त्यांच्याच हातात राहिला पाहिजे आणि बोटही त्यांचेच पडले पाहिजे, भले दहा मिनिटे लागोत. पायऱ्या त्यांनी स्वतःच्या शब्दांत, एका ओळीत एक, वहीत लिहाव्यात ('खाली निळे घर, मग तीन रेघा, मग पासबुक'). त्या वहीत पिन कधीही लिहू नये. एका वेळी एकच काम शिकवावे, तेच परवा, मग आठवड्याने पुन्हा करून घ्यावे. आणि 'कितीदा सांगू' हे वाक्य घरातून हद्दपार करावे.

हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये चेहरा दाखवून घरूनच देता येतो. बोटांचे ठसे पुसट झाले असतील तर तोच मार्ग सोयीचा, आणि तेही न जमले तर पोस्टमनला घरी बोलावता येते.

विजेचे पुढचे बिल मात्र आपणच भरा. नातवाला शेजारी बसवा, वही उघडी ठेवा. भरण्यापूर्वी बिलाच्या कागदावर मागील जमा रक्कम पाहून घ्या; मे महिन्यात दुबार भरलेले पैसे बहुतेक तिथे वळते झालेले दिसतील, आणि नसतील तर तो ताळमेळ घेऊन कार्यालयात जाण्यास आपल्याइतका योग्य माणूस घरात दुसरा नाही.